स्लॉट कारची चासी: पितळी की थ्रीडी प्रिंट केलेली?
१/३२ प्रमाणातील स्लॉट कारसाठी (खाच असलेल्या ट्रॅकवर विजेवर धावणारी छोटी मॉडेल गाडी) पितळी पट्ट्या व पियानो वायर (कडक पोलादी तार) सोल्डर करून चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बांधावी की थ्रीडी प्रिंट करावी, असा प्रश्न अनेकांना पडतो. माझ्या मते वजनाचा मुद्दा निर्णायक आहे: पितळेची घनता प्रिंटसाठी वापरल्या जाणाऱ्या नायलॉनच्या सुमारे आठपट असल्याने वजन आपोआप तळाशी राहते आणि ट्रॅकला धरून ठेवणाऱ्या चुंबकाविना धावणारी गाडी वळणावर सहसा उलटत नाही, प्रिंट केलेल्या चासीला मात्र वेगळे वजन चिकटवावे लागते. शिवाय पितळी चासीचा वाकडा सांधा तापवून सुधारता येतो, तर पीएलए हे प्रिंटिंगचे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सियसला मऊ पडत असल्याने तापणाऱ्या मोटरजवळ ते टाळावेच. मेहनत मात्र पितळेला जास्त. जिग (भाग जागेवर धरणारा साचा), फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे रसायन) आणि सरावलेला हात हवा. एकाच गाडीवर बारकाईने काम करून शर्यतीत उतरणाऱ्यांनी पितळ निवडावे. वेगवेगळ्या बॉडींसाठी मापे बदलत प्रयोग करणाऱ्यांना नायलॉनमध्ये प्रिंट केलेली चासी सोयीची पडेल.