पद्मिनीचे रबर बुश घरीच बदलले: पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टेअरिंगजवळचा हँडल गिअर, मागे कमानपाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजेच कमानी). गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या दोन्ही कमानींचे बुश (सांध्यातला धक्का झेलणाऱ्या रबराच्या गोल गाद्या), शॅकलचे (कमानीचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) रबर, मागच्या शॉकअपचे रबर आणि पुढच्या स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या दांड्याचे) बुश घराच्या पार्किंगमध्येच बदलले. त्यानंतर गाडी पुण्यातल्या खड्ड्यांतून फिरली, खंबाटकी घाटातून साताऱ्याला जाऊन आली आणि यंदाचा कडक उन्हाळाही तिने उघड्यावर काढला. त्यामुळे आता ठामपणे सांगता येईल. या गाडीवर आजवर जो काही खर्च केला, त्यात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडला. बुशांचा सगळा सेट अर्ध्या टाकी पेट्रोलपेक्षाही स्वस्तात आला.

आधीचा त्रास असा होता. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागून ‘ठक’ व्हायचं आणि ब्रेक मारला की पुन्हा ‘ठक’. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की गाडीचा मागचा भाग किंचित आडवा सरकायचा. हायवेवर सरळ रस्त्यालाही स्टेअरिंग सारखं सावरावं लागायचं. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर एकच, “साहेब, शॉकअप गेलेत.” शॉकअप बदलले, पण आवाज तसाच राहिला.

या गाडीत मागचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) जागेवर धरायचं काम कमानीच करतात. चाकांचा पुढे ढकलणारा रेटा आणि ब्रेकचा मागे ओढणारा जोर कमानीच्या पुढच्या डोळ्यातून (टोकाच्या गोल वळ्यातून) बॉडीत जातो. त्या डोळ्यातलं रबर झिजलं की ॲक्सल थोडा पुढे-मागे हलायला लागतो. एका बाजूचा बुश जास्त गेला असेल तर ॲक्सल तिरका होतो, म्हणजे मागची चाकंच गाडी थोडी वळवू लागतात. चालवणाऱ्याला मात्र दोष स्टेअरिंगचा वाटतो. कित्येक जण अलाइनमेंट आणि स्टेअरिंग बॉक्सवर पैसे घालत राहतात, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

तपासणी सोपी आहे. गाडी चाकांवर उभी असताना कमानीच्या डोळ्याजवळ टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचकायची. मधला बोल्ट डोळ्याच्या केंद्रातून हटलेला दिसला, किंवा रबर कडेने फुगून बाहेर आलेलं आणि भेगाळलेलं असलं, तर बुश संपला. आमच्या डाव्या कमानीत बोल्टच्या खालच्या बाजूला रबर जवळपास उरलंच नव्हतं. लोखंडी नळी थेट डोळ्याला घासून तिथे चकाकी आली होती.

पार्ट मिळवणं हा या कामातला खरा कस. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची थांबली त्याला दोन दशकं उलटली. पार्टचा बाजार तरला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली आणि रोजचा खप संपला. आता दुकानात मिळतो त्यातला बराच माल फळीवर पडून राहिलेला असतो. लोखंडाच्या पार्टला त्याने बिघडत नाही, पण रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, बारीक भेगा पाडतात. म्हणून नाना पेठेत बुश घेताना मी पाकिटावरचं नाव कमी आणि रबर जास्त पाहिलं. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर खूण उमटून लगेच विरली पाहिजे, बुश वाकवल्यावर कडेला केसासारख्या रेघा दिसता कामा नयेत आणि लोखंडी नळीपासून रबर कुठेही सुटलेलं नको. दुकानदार काकांनी कंटाळा न करता तीन-चार पेट्या उघडून दाखवल्या, म्हणून चांगला माल हाती लागला.

आता कामाबद्दल. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले, मागून गाडी उचलली आणि बॉडीच्या मजबूत जागी दोन स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. जॅक ॲक्सलखाली सरकवून कमानीवरचा ताण निघेपर्यंतच वर घेतला. ताण निघाला की बोल्ट हाताने फिरायला लागतो, नाहीतर तो हातोड्याने ठोकूनही हलत नाही. जुन्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं.

शॅकलचे रबर दोन अर्ध्या तुकड्यांत असतात. ते सहज निघाले आणि साबणाच्या पाण्यात बुडवून नवे अंगठ्याने बसले. वेळ खाल्ला तो पुढच्या डोळ्याने. तिथल्या सायलेंट ब्लॉकची (दोन लोखंडी नळ्यांमध्ये रबर चिकटवलेल्या बुशाची) बाहेरची लोखंडी नळी डोळ्यात गंजून एकजीव झालेली असते. गॅरेजमध्ये अशा वेळी सर्रास गॅस लावून रबर जाळतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे. धूर विषारी असतो हे एक, आणि दुसरं म्हणजे कमानीच्या पोलादाला दिलेलं पाणी (त्याचा कडकपणा) तापवल्याने उतरतं. मग डोळा तडकण्याची किंवा उघडण्याची भीती राहते. मी ड्रिलने रबर पोखरून मधली नळी काढली, हॅकसॉचं पातं डोळ्यातून ओवून बाहेरची नळी आतून कापली आणि छिन्नीने ती आत दुमडून बाहेर ठोकली. कापताना पातं नळीपुरतंच चालवायचं, कमानीवर चर पडू द्यायची नाही. नवा बुश आटे पाडलेला रॉड, जाड वॉशर आणि योग्य मापाचा सॉकेट यांच्या मदतीने नट फिरवत हळूहळू आत ओढला. ठोकून बसवला तर रबर आणि नळीची पकड सुटू शकते.

नव्या रबराला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटची आवळणी. सायलेंट ब्लॉकमध्ये रबर सरकत नाही, ते पिळलं जातं. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला, तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. मग गाडी खाली उतरवल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने लावले, गाडी फळ्या रचून केलेल्या उंचवट्यावर चाकांवर उभी केली, मागे दोन-तीनदा दाबून हलवली आणि मगच पक्के केले. “बुश टिकत नाहीत” ही तक्रार मी नेहमी ऐकतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच आवळणी असते असं माझं मत आहे.

पहिल्याच फेरीत ‘ठक’ गेला. पण मला जास्त आनंद झाला तो घाटात. वळणावर गाडी एकदा कलली की तशीच राहते, मधेच दुसरा हेलकावा देत नाही. मागे बसलेल्या आईने साताऱ्यापर्यंत एकदाही “हळू घे रे” म्हटलं नाही. स्पीडब्रेकरवर आतल्या पत्र्याचा खडखडाटही कमी झाला.

पावसाळ्यानंतर गाडीखाली शिरून सगळं पाहिलं. कमानीचे आणि शॅकलचे बुश जागच्या जागी होते, बोल्ट ढिले नव्हते. उन्हाळ्यात मात्र शॉकअपच्या खालच्या टोकाच्या रबरांना भेगा पडल्या. ते वेगळ्या दुकानातून घेतले होते आणि हाताला सुरुवातीपासूनच जरा कडक लागत होते. ते बदलायला अर्धा तासही लागला नाही.

स्टॅबिलायझरला आधी पॉलीयुरेथेनचे बुश लावून पाहिले होते, कारण सगळे त्यांचं कौतुक करतात. ते टिकाऊ आहेत यात शंका नाही. पण रबरापेक्षा ते बरेच कडक असतात, त्यामुळे रस्त्याची बारीक थरथर स्टेअरिंगपर्यंत यायला लागली. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत पार्किंगमधून बाहेर पडताना कुई-कुई सुरू झाली. सिलिकॉन ग्रीसने ती काही दिवस थांबायची आणि पुन्हा यायची. शेवटी तिथेही रबरच बसवलं. रॅलीत गाडी पळवणाऱ्यांनी पॉली जरूर वापरावं. घरच्यांना घेऊन फिरायच्या पद्मिनीला मात्र रबरच शोभतं, तिची मऊ चाल त्याच रबरावर बेतलेली आहे.

पुढच्या आर्मचे (पुढची चाकं धरणाऱ्या हलत्या दांड्यांचे) बुश मी घरी काढले नाहीत आणि काढणारही नाही. तिथे दाबलेली कॉईल स्प्रिंग असते. योग्य कंप्रेसर नसताना ती निसटली तर जीवावर बेतू शकतं. कमानींचं काम सवडीने, दोन माणसांत, साध्या पान्यांनी होतं, हे तसं नाही. ते दिवाळीनंतर प्रेस असलेल्या एका गॅरेजमध्ये करून घेणार आहे. बुश मी स्वतः निवडून देणार, आणि शेवटचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळायचे, हे तिथल्या मिस्त्रींशी आधीच बोलून ठेवलं आहे.