सिमिओने की पोचेत्तिनो? खेळणं थांबवून कोच व्हायला निघालेल्यांसाठी

तिशी उलटली आहे, गुडघा कुरकुर करतोय, कोचिंगचं डी लायसन्स करून टाकावं असं डोक्यात घोळतंय आणि रात्री मॅच बघताना बॉलपेक्षा टचलाइनवर उभ्या असलेल्या माणसाकडेच जास्त लक्ष जातंय. तुमची अशी अवस्था असेल तर हा लेख तुमच्यासाठी. दहा कोचचे दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा एकाच कोचचा पिच्छा पुरवावा, त्याची कारकीर्द मुळापासून समजून घ्यावी, या मताचा मी आहे. मग तो एक कोण? खेळाडू म्हणून नाव कमावून पुढे मॅनेजर झालेले दक्षिण अमेरिकेत पुष्कळ आहेत, पण शिकण्यासारखी जोडी म्हणाल तर दिएगो सिमिओने आणि मॉरिसिओ पोचेत्तिनो.

दोघं अर्जेंटिनाचे. सिमिओनेचा जन्म 1970 चा, पोचेत्तिनोचा 1972 चा. 7 जून 2002 रोजी जपानमधल्या सप्पोरोत वर्ल्ड कपच्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध दोघं एकाच संघातून उतरले होते आणि कोच होता मार्सेलो बिएल्सा. पोचेत्तिनोने ओवेनला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली (ओवेनने उडी मारली, असं पोचेत्तिनो नंतर कैकदा म्हणालाय), बेकहॅमने ती मारली आणि अर्जेंटिना 1–0 हरलं. चार वर्षांपूर्वी सेंट-एतिएनमध्ये याच बेकहॅमने सिमिओनेला लाथ मारून लाल कार्ड ओढवून घेतलं होतं. म्हणजे गुरू एक, वैरी एक, पिढीही एक. पण कोच म्हणून दोघांची तोंडं दोन दिशांना.

खेळाडू म्हणून वजन सिमिओनेचं जास्त. अर्जेंटिनासाठी शंभराहून अधिक सामने, तीन वर्ल्ड कप, इंटरकडून 1998 चा युएफा कप, लाझिओकडून 2000 ची इटालियन लीग, आणि त्याआधी 1995–96 मध्ये ॲटलेटिको माद्रिदकडून लीग आणि कप एकाच वर्षी. पोचेत्तिनो हा सांता फे प्रांतातल्या मर्फी नावाच्या छोट्या गावचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला डिफेंडर. नेवेल्स ओल्ड बॉइजमध्ये बिएल्साच्या हाताखाली घडला आणि मग बरीच वर्षं बार्सिलोनातल्या एस्पान्योलमध्ये राहिला. तिथे त्याने 2000 आणि 2006 मध्ये कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा नॉकआउट कप, जिंकला. देशासाठी वीस सामने. नाव होतं, दरारा नव्हता. हा फरक लक्षात ठेवा. ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवशी तुमचं कोण ऐकतं, हे बऱ्याचदा यावरच ठरतं.

सुरुवात कशी झाली

सिमिओनेने फेब्रुवारी 2006 मध्ये अर्जेंटिनातल्या रासिंग क्लबमध्ये बूट काढले आणि लगेच त्याच संघाचा कोच झाला. काल शेजारी बसून मोजे चढवणारा आज संघ निवडणार! पेठेच्या संघात किंवा कंपनीच्या टीममध्ये खेळलेल्यांना ही अडचण नेमकी कळेल. तिथे त्याचे जेमतेम काही महिने गेले. मग एस्तुदियान्तेस. अर्जेंटिनात तेव्हा एका हंगामात दोन लीग व्हायच्या, आधी अपेर्तुरा, मग क्लाउसुरा. 2006 च्या अपेर्तुरात त्याने बोका ज्युनिअर्सला गुणांत गाठलं, प्लेऑफ 2–1 ने जिंकला आणि क्लबला 23 वर्षांनी लीग मिळवून दिली. 2008 मध्ये रिव्हर प्लेटबरोबर क्लाउसुरा जिंकला आणि लगेच पुढच्या स्पर्धेत तोच रिव्हर तळाला गेला. नोव्हेंबरमध्ये सिमिओने बाहेर. मग सान लोरेन्सो, मग इटलीत कातानियाला खालच्या विभागात घसरण्यापासून वाचवण्याचं अर्ध्या हंगामाचं काम, मग पुन्हा रासिंग. सहा वर्षांच्या आत सहा नोकऱ्या. आज ॲटलेटिकोत ठाण मांडून बसलेला सिमिओने बघणाऱ्यांना ही वणवण ठाऊकच नसते, आणि शिकाऊ कोचने आधी तीच बघायला हवी.

पोचेत्तिनोची सुरुवात अंगणातच, पण मागच्या दाराने. लायसन्स करता करता तो एस्पान्योलच्या महिला संघाबरोबर मदतनीस म्हणून राबत होता. जानेवारी 2009 मध्ये पुरुष संघ खालून तिसरा होता आणि एकाच हंगामात दोन कोच होऊन गेले होते. तिसरा म्हणून याला उभं केलं. हाताखाली तामुदो, दे ला पेन्या असे जुने सहकारी. पुढच्याच महिन्यात या संघाने ग्वार्दिओलाच्या बार्सिलोनाला कॅम्प नोऊवर 2–1 ने हरवलं आणि हंगामाअखेर दहावा क्रमांक गाठला. त्यानंतरची वर्षं मात्र पैशाअभावी खेळाडू विकण्यात गेली. नोव्हेंबर 2012 मध्ये तो गेला तेव्हा संघ पुन्हा तळाला होता. दोन महिन्यांत साउदॅम्प्टनने बोलावलं आणि इंग्रजी येत नसताना तो दुभाषा घेऊन इंग्लंडमध्ये उभा राहिला.

मैदानावर काय बघायचं

सिमिओनेचा ॲटलेटिको बघायचा तर 2011 ते 2014 चा. डिसेंबर 2011 मध्ये तो आला तेव्हा संघ लीगमध्ये दहावा होता आणि तिसऱ्या दर्जाच्या अल्बासेतेकडून कपमधून बाहेर पडला होता. त्याने चार-चारच्या दोन ओळी एकमेकींना चिकटवून ठेवल्या. मधली जागा बंद. समोरच्याला बॉल घेऊन कडेला जाऊ द्यायचं, आणि तो कडेला गेला की साइडलाइनलाच आपला आणखी एक डिफेंडर समजून चौघांनी घेरायचं. पुढचे दोघंही मागे येऊन काम करणार. ‘पार्तिदो आ पार्तिदो’, म्हणजे एका वेळी एकच मॅच, हे त्याचं पालुपद पुढे क्लबचं ब्रीद होऊन बसलं.

17 मे 2014 ची कॅम्प नोऊवरची बार्सिलोनाविरुद्धची मॅच शोधून बघा. बरोबरी झाली तरी लीग ॲटलेटिकोची. पहिल्या पंचवीस मिनिटांच्या आतच दिएगो कोस्ता आणि आर्दा तुरान दुखापतीने बाहेर, पाठोपाठ अलेक्सिस सांचेझचा गोल. विश्रांतीनंतर गाबीच्या कॉर्नरवर गोदिनचा हेडर, 1–1. पुढची चाळीस मिनिटं त्या दोन ओळी बघा. मध्ये बॉल गेलाच, तर घेणाऱ्याला वळायलाही जागा नाही. रियाल आणि बार्सिलोनाच्या पैशापुढे ही लीग जिंकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पोचेत्तिनोचं गणित उलटं. बॉल गेला की तिथल्या तिथे, समोरच्याच्या अर्ध्यात दाबायचं. दोन्ही फुल-बॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, वर. एखादा मिडफिल्डर सेंटर-बॅकच्या मधे उतरून खेळ सुरू करणार. यासाठी पायांत दम लागतो आणि त्याच्या प्री-सीझनला खेळाडू कसे कण्हायचे याचे किस्से साउदॅम्प्टनपासून प्रसिद्ध आहेत. त्याचा सर्वात चांगला संघ म्हणजे 2015 ते 2017 चा टॉटनहॅम. वॉकर आणि रोझ कडेने, केन पुढे, मागे एरिक्सन आणि अली. 2016–17 मध्ये 86 गुण घेऊनही दुसरा क्रमांक. कपाट रिकामंच राहिलं, पण तो खेळ आजही बघवतो.

दोघांच्या सर्वात मोठ्या पराभवांत एक साम्य आहे आणि माझ्या मते शिकाऊ कोचसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. 2014 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला लिस्बनमध्ये रियालविरुद्ध सिमिओनेने जेमतेम बऱ्या झालेल्या कोस्ताला सुरुवातीपासून उतरवलं. नवव्या मिनिटाला तो बाहेर, एक बदल वाया. 93व्या मिनिटाला रामोसने बरोबरी केली, अतिरिक्त वेळेत पाय संपले, 4–1. 2019 च्या फायनलला पोचेत्तिनोने एप्रिलपासून घोट्याने बाहेर असलेल्या केनला उतरवलं आणि सेमीफायनलला आयाक्सविरुद्ध तीन गोल मारणाऱ्या लुकास मौराला बाकावर ठेवलं. पहिल्याच मिनिटाला लिव्हरपूलला पेनल्टी, शेवटी 2–0. ती फायनल झाली कुठे, तर ॲटलेटिकोच्या नव्या स्टेडियममध्ये! फायनलचा दबाव आला की नावाजलेला पाय दुखरा असला तरी कोचला तोच हवासा वाटतो. तालुक्याच्या नॉकआउटलाही हेच होतं.

आयाक्सच्या त्या सेमीफायनलचा दुसरा हाफ मात्र चुकवू नका. दोन्ही सामने मिळून 3–0 ने मागे असताना पोचेत्तिनोने वान्यामाला काढून उंचापुऱ्या योरेंतेला आणलं आणि सरळ लांब बॉल मारायला लावले. तत्त्वाचा माणूस म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याने गरज पडताच तत्त्व खुंटीला टांगलं. मौराचा तिसरा गोल 96व्या मिनिटाला. त्या हंगामात क्लबने एकही खेळाडू विकत घेतलेला नव्हता, हेही ध्यानात घ्या.

कपाट, पैसा आणि माणसं

चषक मोजायचे तर सामना एकतर्फी आहे. ॲटलेटिकोबरोबर सिमिओनेचे आठ: लीग दोनदा (2014, 2021), युरोपा लीग दोनदा (2012, 2018), युएफा सुपर कप दोनदा, कोपा देल रे आणि स्पॅनिश सुपर कप एकेकदा. क्लबच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारा कोचही तोच, लुइस अरागोनेसला मागे टाकून. पोचेत्तिनोचे तीन, तिन्ही पॅरिसमधल्या पीएसजीबरोबरचे. तेही नेमार, एम्बापे आणि शेवटच्या लीगला मेस्सीही हाताशी असताना, म्हणून कोणी फारसे मोजत नाही. चेल्सीत एक वर्ष, सहावा क्रमांक, आणि सप्टेंबर 2024 पासून अमेरिकेचा राष्ट्रीय संघ. हा उत्तरार्ध तुम्ही सोडून दिलात तरी चालेल. राष्ट्रीय संघाचं काम निराळं असतं, खेळाडू हाताशी मोजके दिवस, आणि तुमच्या कामाशी त्याचा संबंध कमी.

खेळाडू वाढवण्यात मला पोचेत्तिनो उजवा वाटतो. ल्यूक शॉ, वॉर्ड-प्राउझ, तिसऱ्या दर्जाच्या एमके डॉन्सकडून पाचेक मिलियन पौंडांत आणलेला डेली अली, आणि केन. सिमिओनेनेही कोकेसारखा घरचा पोरगा कप्तानपदापर्यंत आणला, ग्रीझमानला राबायला शिकवलं, पण तिथे खेळाडूने संघाच्या साच्यात बसायचं असतं. जोआओ फेलिक्सवर क्लबने 2019 मध्ये 12 कोटी 60 लाख युरो उधळले, तो त्या साच्यात बसलाच नाही. सिमिओनेच्या भक्तांना हे आवडत नाही, पण पैसा आल्यानंतरचा सिमिओने मला पैसा नसतानाच्या सिमिओनेइतका पटत नाही.

काहींचा तिसराच आग्रह असेल. गोव्यातल्या वाचकांना झिको आठवणार, आणि का नाही? 2014 ते 2016 एफसी गोवाचा कोच, 2015 ची फायनल फातोर्ड्यावर, 87व्या मिनिटाला गोव्याने आघाडी घेतली आणि मग चेन्नईयनचे दोन गोल, 3–2. त्याआधी जपानला 2004 चा आशिया कप, फेनरबाचेला तुर्की लीग. पण त्याची कारकीर्द देशोदेशी विखुरलेली, धागा सापडत नाही. मुंबई सिटीकडून 2016 मध्ये खेळलेल्या फोर्लानला पेन्यारोलने वर्षही पूर्ण करू दिलं नाही. गायार्दोचं रिव्हर प्लेटचं काम जबरदस्त आहे, फक्त जुन्या मॅचेस सहज हाती लागतील याची खात्री नाही.

आता निवड. तुमच्याकडे मोठ्यांचा संघ असेल, सराव आठवड्यातून दोनदा, तोही कामावरून सुटल्यावर, आणि रविवारी नॉकआउट, तर डोळे झाकून सिमिओने. दोन ओळींमधलं अंतर, कडेला लावायचा सापळा, कॉर्नर, हे दोन संध्याकाळींतही शिकवता येतं. पोचेत्तिनोचं प्रेसिंग अशा संघाला दिलंत तर अर्ध्या तासात पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहतील आणि मागे मैदान मोकळं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर भर दुपारी खेळलेल्याला हे सांगायची गरज नाही.

याउलट चौदा ते सतरा वयाची मुलं असतील, सराव रोजचा असेल आणि वर्षभर कोणी निकाल विचारणार नसेल, तर पोचेत्तिनो. त्या वयात मुलांना नुसतं मागे सरकून उभं राहायला शिकवणं म्हणजे नुकसान करणं. त्याचं साउदॅम्प्टन आणि टॉटनहॅमची पहिली तीन वर्षं बघा, पॅरिस बघू नका.

सिमिओनेचं एक मात्र उचलू नका: टचलाइनवरचं नाटक. ऑगस्ट 2014 मध्ये चौथ्या पंचाच्या डोक्यावर टपली मारल्यामुळे आणि त्या मॅचमधल्या इतर वागण्यामुळे त्याला आठ सामने बाहेर बसावं लागलं. त्याला ते परवडलं. तुमच्या स्पर्धेतले पंच पुढच्या वर्षीही तेच असतात.

तरीही ठरत नसेल तर 9 मे 2012 ची बुखारेस्टमधली युरोपा लीग फायनल लावा. एका बाजूला सिमिओनेचा ॲटलेटिको, दुसऱ्या बाजूला खुद्द बिएल्साचा अॅथलेटिक बिल्बाओ, म्हणजे पोचेत्तिनो ज्या शाळेतून आला ती शाळा. निकाल 3–0, फाल्काओचे दोन गोल. पहिल्यांदा बघताना बॉल विसरून फक्त ॲटलेटिकोचे चार मिडफिल्डर बघा, दुसऱ्यांदा बिल्बाओचे फुल-बॅक. कोणाच्या जागी तुमची पोरं दिसतात, ते बघून ठरवा.