स्वतःच्याच चालीसाठी मागितलेली परवाना फी

गोव्यात स्वतःच्या चाली बांधून लहान बैठका करणारे बरेच जण आहेत. कोणी देवळाच्या सभामंडपात गातं, कोणी रवींद्र भवनाचं छोटं सभागृह घेतं, कोणी घरच्या दिवाणखान्यात पन्नास माणसं बसवतं. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण मला ज्याने फसवलं तो अशाच बैठकांना येऊन बसतो.

मी फोंड्याला गाणं आणि हार्मोनियम शिकवते. संत सोहिरोबानाथांची पदं आणि एका मैत्रिणीच्या कविता यांना चाली लावून त्यांच्या बैठका करते. एका बैठकीनंतर हा गृहस्थ भेटायला आला. तोंडदेखली स्तुती नव्हती. "दुसऱ्या पदात अंतरा उचलताना कोमल निषादावर तुम्ही जरा थांबता ना, ती जागा फार सुंदर आहे," असं तो म्हणाला. ती जागा मला कित्येक आठवडे सापडत नव्हती. ती कोणाच्या तरी कानाला लागली याचा आनंद मोठा होता. त्याला गाण्यातलं कळत होतं, हे मी आजही म्हणेन. म्हणूनच त्याच्यापासून जपायला हवं.

चार रचना रेकॉर्ड करायच्या, सगळ्या ॲपवर टाकायच्या, कॉपीराइटची नोंदणी करून द्यायची आणि पुढच्या बैठकांना प्रायोजक मिळवून द्यायचा, असं ठरलं. खर्च २४,००० रुपये. पर्वरीच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग खरंच झालं, चांगलं झालं. त्या स्टुडिओवाल्यांचा पुढच्या प्रकाराशी काही संबंध नाही.

मग व्हॉट्सॲपवर दोन पानांचं मराठी संमतीपत्र आलं. या चार ध्वनिमुद्रणांना प्रसिद्धी देण्यापुरतीच परवानगी, बाकी सर्व हक्क संगीतकाराकडे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं, भावाने वाचलं. सहीसाठी मात्र वेगळं एक सुटं पान आलं: वर दोघांची नावं, खाली सह्यांच्या रेघा. पान क्रमांक नाही, कोणत्या कराराचं पान तेही नाही. प्रिंट काढून सही करा आणि स्कॅन पाठवा, म्हणाला.

आठवड्याच्या आत "कॉपीराइट प्रमाणपत्र" आलं. सोनेरी किनार, वर राजमुद्रा, खाली आयएन या अक्षरांनी सुरू होणारा नंबर.

मडगावच्या बैठकीची तयारी चालू असताना तालमीचा एक तुकडा मी यूट्यूबवर टाकला. घुमट आणि सामेळ ही गोव्याची तालवाद्यं घेऊन नवीन केलेली सांगता होती, लोकांना आधी ऐकवावी असं वाटलं. लगेच सूचना आली की या संगीतावर दुसऱ्या कोणाचा दावा आहे. ॲपवर शोधलं तर माझ्याच आवाजातलं पद, गायिका म्हणून माझं नाव आणि संगीतकार म्हणून त्या गृहस्थाचं. मैत्रिणीच्या कवितेखाली कवयित्रीचं नावच नव्हतं. तिला हे फोनवर सांगताना मला फार जड गेलं. ती कविता तिने वडील गेल्यानंतर लिहिली होती.

मी त्याला विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं: "मॅडम, शब्द संतांचे, राग परंपरेचा. त्यात तुमचं काय?" वर म्हणाला, या रचना जाहीर गायच्या असतील तर दर कार्यक्रमाला ७,५०० रुपये परवाना फी भरा. तशीच मेल त्याने मडगावच्या आयोजकांनाही पाठवली. ते बिचारे घाबरले. निमंत्रणं छापून झाली होती, आणि त्यांनी माझ्याकडे ना हरकत पत्र मागितलं. माझ्याच चाली गायला!

आमच्या शेजारच्या वकीलबाबांनी त्याच्याकडून कराराची प्रत मागवली. इंग्रजीतला सहा पानांचा करार आला. "सध्याच्या व पुढच्या सर्व रचना", जगभर, कायमच्या त्याच्या. शेवटचं पान मात्र मी सही केलेलं तेच. माझ्या आडनावाच्या मधल्या अक्षरावर पेन अडखळून शाई तुटली होती. ती तुटलेली रेघ तिथे जशीच्या तशी होती. आमचं मराठी संमतीपत्र काढून त्याजागी दुसरीच पाच पानं लावलेली होती.

वकीलबाबांनी जे सांगितलं ते प्रत्येक चालकाराला माहीत हवं. सोहिरोबानाथ अठराव्या शतकातले, त्यांच्या शब्दांवर आज कोणाचा कॉपीराइट नाही. राग तर कोणाच्याच मालकीचा नसतो. पण त्या शब्दांना मी बांधलेली चाल १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने माझी आहे, मग मी ती स्वरलिपीत उतरवलेली असो वा नसो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कोणती रचना, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लेखी करारात नमूद करावं लागतं. त्या सहा पानांत माझ्या एकाही रचनेचं नाव नव्हतं. आणि हक्क खरोखर विकले तरी कर्ती म्हणून नावाचा हक्क कलम ५७ नुसार राहतोच.

प्रमाणपत्रावरचा नंबर होता आयएसआरसी. तो एखाद्या ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा संकेत असतो, मालकीचा पुरावा नव्हे. खरी नोंदणी कॉपीराइट कार्यालयात होते. एका संगीतरचनेला ५०० रुपये फी, अर्जाला डायरी क्रमांक, आणि कोणाची हरकत येते का यासाठी निदान ३० दिवस थांबणं. आठवड्यात प्रमाणपत्र येतच नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण उभं राहिलं की उपयोगी पडते.

परवाना फीबद्दलही नीट समजून घ्या. तुम्ही गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएससारख्या सोसायटीचे सभासद असाल तर जाहीर सादरीकरणाचे हक्क तिच्याकडे सोपवलेले असतात, तिथे विचारावं लागतं. मी सभासद नव्हते. मला माझी चाल गायला कोणाचीच परवानगी नको होती.

मला तारलं ते विद्यार्थ्यांच्या फोननी. चाल शिकवताना मुलं रेकॉर्ड करून घेतात आणि ग्रुपवर टाकतात. तो गृहस्थ भेटण्याच्या कितीतरी आधीच्या तारखांची ती रेकॉर्डिंग होती, काहींत तर चाल अर्धीच बांधलेली, मी मध्येच थांबून स्वर बदलते आहे. वकिलांच्या पत्रासोबत तीच आयोजकांना ऐकवली. बैठक झाली. यूट्यूबवर मी दाव्याला आव्हान दिलं. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात, त्याने दिलंच नाही आणि दावा सुटला.

पैसे परत आलेले नाहीत. फोन बंद आहे. दोन ॲपवर अजून त्याचंच नाव झळकतं आहे आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू आहे. बनावट प्रमाणपत्राची आणि पैशांची तक्रार मी सायबर पोलिसांकडे दिली आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा, तिथे वेळेला फार किंमत आहे.

हे सगळं सांगायला लागल्यावर डिचोलीच्या एका बासरीवादकाने आपलं पान काढून दाखवलं. तशाच रेघा, तसंच कोरं. तुम्हीही असं सुटं पान कोणाला पाठवलं असेल, तर ती सही कोणत्या तारखेच्या, किती पानांच्या, कोणत्या मजकुराच्या करारासाठी होती हे आजच त्याला मेलने कळवा. मूळ मजकूर सोबत जोडा. यापुढे करार आला तर प्रत्येक पानावर "६ पैकी १", "६ पैकी २" असे आकडे घालून घ्या, प्रत्येक पानावर सही करा आणि समोरच्याची सही असलेली पूर्ण प्रत हातात आल्याशिवाय रेकॉर्डिंगची फाइल देऊ नका.