गुडघ्यांचा कॉलम नसलेला प्लॅन

5 पैकी साडेतीन. त्यातला अर्धा आमच्या सासूबाईंनी दिलाय, माझ्या हिशोबाने तीनच होते.

कोकणच्या रोड ट्रिपचा प्लॅन आखून देणारे नागपुरात आता बरेच झालेत. पश्चिम नागपुरातल्या अशाच एका ऑफिसकडून आम्ही यंदा जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, 9 दिवसांचा प्लॅन करून घेतला. नाव लिहीत नाही. चुका त्यांच्या होत्या तशा एक-दोन आमच्याही होत्या, आणि माणसं वाईट नाहीत. गाडी आपली, चालवायची आपणच. ते रस्ता आखतात, थांबे सांगतात, राहायच्या जागा बुक करतात. आखणीचे 4,500 रुपये, राहण्याचे वेगळे. मुलगा म्हणाला, "मम्मी, हे सगळं मोबाइलवर फुकटात मिळतं." मिळतं ना. पण मी 22 वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासतेय. कागद चुकला तर कुणाला तरी फोन लावून विचारता आलं पाहिजे, त्याचे ते पैसे.

गाडीत आम्ही चौघं. चालवायला मी, बाजूला आई म्हणजे सासूबाई, मागे हे आणि मुलगा. आईंचं वय 74. दोन्ही गुडघे बदलायला डॉक्टरांनी सांगितलंय, त्या तारीख पुढे ढकलतात. प्रत्येक वेळी काहीतरी सण आडवा येतो.

ऑफिसचा फॉर्म दोन पानी होता. समुद्र आवडतो की किल्ले, मासे खाता का, फोटोची हौस आहे का, कुणाचा वाढदिवस येतोय का. पण गाडीत बसणाऱ्यांना किती पायऱ्या चढता येतात, कमोड लागतो का, किती वेळाने थांबावं लागतं, यातलं एकही नाही. वयाचा चौकोन होता, त्यात मी 74 लिहिलं आणि समजतील म्हणून सोडून दिलं. ही आमची चूक.

पहिला मसुदा आला त्यात पहिल्या दिवशी नागपूर ते अलिबाग. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण उघडला, तेव्हापासून 701 किलोमीटर म्हणजे 8 तास हे गावात प्रत्येकाच्या तोंडी आहे. असतील. पण पुढे पनवेल, वडखळ, अलिबाग उरतंच की. शिवाय त्या सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर दोन तासांनी डोळे उघडे असूनही माणूस झोपलेला असतो. मी फोन केला. त्यांनी कुरकुर न करता इगतपुरीचा मुक्काम घातला आणि पुढच्या सगळ्या तारखा एकेक दिवस सरकवल्या. हे तारखा सरकवणं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

समृद्धीबद्दल फार लिहीत नाही. सकाळी 6 ला शिवमडक्याहून लागलो, टायरमधली हवा आदल्या दिवशी तपासून घेतली होती, पोळ्या आणि जवसाची चटणी डब्यात होती. दुसऱ्या दिवशी इगतपुरी सोडल्यावरचा जवळजवळ 8 किलोमीटरचा बोगदा लागला, त्यात आईंची एक माळ जपून झाली. "एवढा मोठा डोंगर पोखरला, बाप्पा," एवढंच बोलल्या.

खरा प्लॅन अलिबागच्या पुढे सुरू होतो, आणि इथे त्या ऑफिसला मानलं पाहिजे. सोपं काय होतं? मुंबई-गोवा महामार्गाने खाली जायचं आणि मध्ये मध्ये समुद्राकडे फाटा मारून परत यायचं. बरेच जण तेच आखून देतात. यांनी महामार्ग पूर्ण टाळला. किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत, आणि वाटेतल्या चारही खाड्या गाडीसकट बोटीने: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. आपल्याकडे नदी आली की पूल असतो. तिथे खाडी आली की रस्ता सरळ पाण्यात उतरतो आणि समोरून बोट येते. दाभोळच्या बाजूला तिला जंगल जेटी म्हणतात.

पहिल्या बोटीवर माझे हात गार पडले होते. गाडी रिव्हर्समध्ये चढवायची. मागे लोखंडी फळी, फळीच्या दोन्ही बाजूंना पाणी, आणि एक पोरगा हाताने नुसतं "या, या, या" करतोय. 22 वर्षांत मी इतक्या बारकाईने आरसा पाहिला नसेल. फळीवर चाक आलं की खडखडतं, तेव्हा घाबरून ब्रेक दाबायचा नाही, एवढं त्या पोराने शिकवलं. चौथ्या बोटीपर्यंत मी एका दमात चढवत होते आणि मुलगा व्हिडिओ काढत होता.

आता किल्ला. प्लॅनमध्ये मुरुडचा जंजिरा "सर्वांसाठी, दीड तास". राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, आणि किल्ल्याच्या दारापाशी होडी हलत असताना पायरीवर उडी टाकायची. सर्वांसाठी! हे आणि मुलगा गेले, कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढून आले. आम्ही दोघी त्याआधीच, राजपुरीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी कडेला घेऊन बसलो होतो. तिथून अख्खा किल्ला पाण्यात ठेवल्यासारखा दिसतो. आईंनी काच खाली केली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "इथूनच तर पुरा दिसते. आत गेल्यावर भितीच दिसन." मला वाटतं ही ओळ त्या ऑफिसने प्लॅनमध्ये छापावी.

किलोमीटरबद्दल एक सांगून ठेवते, कारण विदर्भातला माणूस इथेच फसतो. नकाशावर 40 दिसले की आपण पाऊण तास धरतो. त्या किनाऱ्यावर दीड तास धरा. चढ, उतार, वळण, गाव, समोरून एसटी, मग मागे घ्या. ऑफिसने प्रत्येक टप्प्याची वेळ मोबाइलवरून उचलून टाकली होती, आणि बोटीसाठी थांबायचा वेळ धरलाच नव्हता. पहिल्याच दिवशी दिवेआगरला जेवायला चार वाजले. तिथल्या घरगुती खाणावळीत मोदक आधी सांगून ठेवले होते, ते गार झाले. गारही चांगले लागतात, पण आईंचा प्रश्न वेगळाच होता: "भाजीत तिखट काहून नाही वो?" त्या दिवसापासून जवसाची चटणी डिकीतून पर्समध्ये आली.

हरिहरेश्वरला तारखांचा घोळ बाहेर आला. तिथली प्रदक्षिणा डोंगराच्या पोटातून उतरून समुद्राच्या खडकांवरून जाते, भरतीला ती वाट बंद. ऑफिसने ओहोटीची वेळ मिनिटासकट दिली होती, ही खरंच वाखाणण्यासारखी गोष्ट, कुणी देत नाही. पण त्यांनी तारखा एक दिवस पुढे नेल्या आणि ओहोटी तिथेच ठेवली. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, शाळेत भूगोलात होतं. आदल्या रात्री कागद वाचताना माझं बोट त्या ओळीवर थांबलं, बँकेची सवय. सकाळी देवळाजवळच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "अजून तासभर थांबा." थांबलो, चहा झाला, वाट मोकळी झाली. हे उतरून जाऊन आले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. दुसरं एखादं कुटुंब कागदावरच्या वेळेला त्या पायऱ्या उतरलं असतं तर? मी हे ऑफिसला फोनवर जरा कडक आवाजात सांगितलं.

आणि मग वेळास. बागमांडल्याहून बोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की जवळच, नाना फडणवीसांचं गाव. प्लॅनमध्ये लिहिलेलं: "सकाळी 6.30, कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना पाहा." जानेवारीत! ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला हिवाळ्यात येतात, अंड्यातून पिल्लं निघायला दीड-दोन महिने जातात, म्हणून तो सोहळा साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत असतो. दुसऱ्या कुणाच्या मार्चमधल्या प्लॅनमधून ही ओळ उचलून आमच्यात चिकटवलेली. फायलीत असं सापडलं तर आम्ही शेरा मारून परत पाठवतो. मुलगा साडेपाचला उठून आंघोळ करून तयार, त्याचा चेहरा मी विसरणार नाही. किनारा मात्र सुरेख, रिकामा, सुरूची झाडं आणि आमच्या चौघांशिवाय कुणी नाही. आईंनी वाळूत खुर्ची टाकून ऊन खाल्लं.

त्या दिवशीचा मुक्काम आंजर्ल्याला. बुकिंगच्या कागदावर "समुद्राजवळ, कौटुंबिक". खोल्या माडीवर. जिना बाहेरून, चिऱ्याचा, कठडा एकाच बाजूला. मी मोजल्या: 19 पायऱ्या. वर कमोड होता, खाली पाहुण्यांसाठी काहीच नाही. मी अंगणात उभी राहून फोन लावतेय, रेंज एका कोपऱ्यातच येते, तोवर घरच्या काकू बाहेर आल्या. त्यांनी आईंकडे बघितलं, मग जिन्याकडे. "अहो, आजींना वर कशाला चढवताय? माझ्या खोलीत झोपतील त्या. आतलं बाथरूम वापरा." आणि खरंच स्वतःची गादी उचलून ओटीवर नेली. रात्री दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. निघताना आईंनी उरलेली जवसाची चटणी त्यांना दिली, "अळशी म्हणतात ना तुमच्याकडे?" काकूंनी बाटलीभर कोकमाचं आगळ दिलं. त्या गादीचे पैसे कुठल्या प्लॅनमध्ये बसतात सांगा.

हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला. होड्यांमधून माल बैलगाडीने किनाऱ्यावर आणतात, बैल पोटापर्यंत पाण्यात. हे खूश, आईंच्या नाकाला पदर. दापोलीला पेट्रोल भरलं. मधल्या गावांत पंपाचा भरवसा नको, टाकी अर्धी झाली की भरायची, आणि नोटा जवळ ठेवायच्या, कारण मोबाइलला रेंज नसली की पैसेही जात नाहीत. प्लॅनमध्ये या दोन्ही गोष्टी ठळक अक्षरात होत्या, शाबास.

दाभोळची बोट सगळ्यात लक्षात राहिली. वाशिष्ठीचं पाणी संध्याकाळी तांब्याच्या रंगाचं झालेलं. आईंना खाली उतरवायचा मी विचार करत होते, त्या नको म्हणाल्या. पुढच्या सीटवरच बसून, काच खाली, हात खिडकीबाहेर. शेजारच्या टेम्पोत आंब्याची कलमं होती, त्यांच्या पानांना बोटं लावत होत्या. खाडी संपली, गाडी फळीवरून उतरली, चिपळूणचा सगळा वळसा वाचला. "म्या जागची हलली नाही अन् नदी पार," त्या म्हणाल्या. पुढे जयगडच्या बोटीवर त्यांना औष्णिक वीज केंद्राची चिमणी दिसली. "हे कोराडी इथंबी आली का?"

गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, सगळं ठीकठाक, वेळेत. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवा, दोन्ही किनारे एकदम दिसतात. रत्नागिरीत थिबा पॅलेस धावतपळत झाला. ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदेत राहिला आणि 1916 मध्ये इथेच वारला. मुलाला ते वाचून जे वाटलं ते मला जंजिऱ्यालाही त्याच्यात दिसलं नव्हतं. परतीचं आंबा घाट, कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेड हे दोन दिवसांत उरकणं जरा ओढाताणीचं आहे. एक मुक्काम अजून घाला. तुळजापूरलाही पायऱ्या आहेत, पण त्या आई उतरल्या, कुणाचा हात न धरता. तिथे गुडघे दुखत नाहीत म्हणे.

तर घ्यावा का यांच्याकडून प्लॅन? रस्त्याची निवड पहिल्या दर्जाची, त्यासाठी 4,500 वसूल. पण कागद आल्यावर तो सही करण्याआधी वाचतात तसा वाचा. वेळा दीडपट करा. तारीख बदलली तर ओहोटी बदलली का पाहा. राहायच्या जागी स्वतः फोन करून विचारा: खोली खाली आहे का, कमोड कुठे आहे. फॉर्मवर जागा नसली तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, मोठ्या अक्षरात.

परत आल्यावर मी हे सगळं त्यांना फोनवर सांगितलं. पलीकडच्या मुलीने शांतपणे लिहून घेतलं, 500 रुपये परत केले, आणि विचारलं, पुढच्या वर्षी खालचा अर्धा करायचा का, देवगड, मालवण, वेंगुर्ला?

फोन स्पीकरवर होता. आतून आईंचा आवाज आला, "बोट हाय का तिथं?"

मुलगी म्हणाली, "आहे ना आजी, सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीनेच जातात."

"गाडीत बसून?"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. "नाही," मुलगी म्हणाली, "उतरावं लागेल."

"मंग राहू दे," आई म्हणाल्या. "ते चार बोटीवालंच पुन्हा करू. अन् त्या पोरीले अर्धा मार्क जास्त दे, बोटी तिनंच तर टाकल्या."