ई-केवायसीला बँकेचं नाव लागत नाही

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी लागली की ई-केवायसी, म्हणजे आधार आणि अंगठ्यानं ओळख पटवणं, करून देणारे गावोगाव टेबल टाकतात. अशाच एका टेबलावर माझे १४,५०० रुपये गेले. येणार होतं किती? १ हेक्टर ४० आर जिरायत, हेक्टरी ८,५०० प्रमाणे ११,९००!

टेबलावरच्या पोराकडे माझा विशिष्ट क्रमांक (अनुदानाच्या यादीत नावापुढे असतो तो) होता, गट नंबरही बरोबर. ती यादी चावडीवर लागते, फोटो कुणीही काढतो. आधार नंबर टाकून झाल्यावर त्यानं विचारलं, "काका, बँक कोणती?" इथंच उठायला हवं होतं. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, केवायसीला बँक विचारायचं कारणच नाही. बँकेचं नाव, आधार आणि अंगठा हे तीन एकत्र लागतात ते खात्यातून पैसे काढायला.

पहिल्या अंगठ्याला १०,०००, एका वेळची मर्यादाच तेवढी. मग, "रेंज गेली, बोट पुसून परत ठेवा." मी सदऱ्याला बोट पुसलं आणि ठेवलं. ४,५००. ओटीपी मागितला असता तर मी सावध झालो असतो. जो तो ओटीपीचंच सांगतो, अंगठ्याचं कोण सांगतं? वर फीचे १०० रोख दिले. पावती नाही. खऱ्या केवायसीची पावती निघते, तिच्यावर विशिष्ट क्रमांक, क्षेत्र, रक्कम असते. ती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नका.

खात्याला मोबाइल जोडलेला नव्हता, म्हणून कळलं पासबुक भरताना. बँक म्हणते, अंगठा तुमचा, व्यवहार तुमचा. पोलीस म्हणतात, बँकेचं पत्र आणा. बँक म्हणते, आधी गुन्हा नोंदवा. तहसिलात तर, "पैसे आमच्याकडून गेले का?" यादी कुणाची होती मग? पिकाच्या पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं बांधावर आले होते. याच्या पंचनाम्याला कुणीच नाही.

पैसे गेल्याचं कळताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. तीन कामाच्या दिवसांत बँकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. स्टेटमेंटवरचा १२ आकडी संदर्भ क्रमांक अर्जात लिहा, मशीन कुणाच्या नावावर आहे ते त्यावरूनच शोधता येतं. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा ठसा वगैरे, लॉक करून ठेवा, केवायसीपुरतं उघडा.

माझी केवायसी मात्र यादीत अजून प्रलंबितच दिसते. त्या टेबलावर ती झालीच नव्हती.