कॉलिन्स किड्सचा ‘हॉप, स्किप अँड जंप’ संच: काही महिने सतत ऐकल्यानंतर

रॉकाबिली, म्हणजे 1950 च्या दशकातलं अमेरिकी ग्रामीण ‘कंट्री’ संगीत आणि रॉक अँड रोल यांचं मिश्रण, म्हटलं की एल्विस, कार्ल पर्किन्स, फार तर वांडा जॅक्सन, इथवर येऊन बहुतेकांची यादी संपते. ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात आलेल्या कॉलिन्स भावंडांचं नाव त्या यादीत क्वचितच सापडतं. मोठी बहीण लॉरी, जन्म 1942. धाकटा भाऊ लॅरी, जन्म 1944. जर्मनीच्या बेअर फॅमिली या रेकॉर्ड कंपनीने त्यांची 1950 च्या दशकातली, कोलंबिया या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीसाठी गायलेली गाणी दोन सीडींच्या संचात आणली. हा संच आणि त्याच कंपनीने काढलेली त्यांच्या ‘टाउन हॉल पार्टी’ कार्यक्रमाची डीव्हीडी मी गेले काही महिने ऐकतोय, बघतोय.

आधी डीव्हीडीबद्दल, कारण माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. ‘टाउन हॉल पार्टी’ हा लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधून शनिवारी रात्री दाखवला जाणारा टीव्ही कार्यक्रम. टेक्स रिटर, मर्ल ट्रॅव्हिस, जो मॅफिस अशी कंट्री संगीतातली पट्टीची मंडळी तिथे असायची. ही मुलं 1954 मध्ये त्या मंचावर आली, तेव्हा लॉरी अकरा-बारा वर्षांची होती आणि लॅरी जेमतेम नऊचा. त्या काळी टीव्हीच्या पडद्यावरून थेट फिल्मवर उतरवलेलं हे चित्रण आहे, त्यामुळे चित्र कृष्णधवल आणि धूसर आहे. पण त्याने काही बिघडत नाही. लॅरीच्या गळ्यात दोन मानांची, मोझराइट कंपनीची गिटार असते. एक मान नेहमीची, दुसरी आखूड आणि सप्तकभर वर लावलेली. गिटार जवळजवळ त्याच्याएवढीच, आणि ती घेऊन हा पोरगा उड्या मारतो, गुडघ्यात वाकतो, बहिणीभोवती फिरतो आणि वाजवताना एक सूर चुकवत नाही. खालच्या मानेवरून वरच्या मानेवर तो ज्या सहजतेने जातो, ते मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलं आहे. ही विद्या त्याला जो मॅफिसने दिली. मॅफिसकडेही मोझराइटच्या सेमी मोझलीने बनवलेली अशीच गिटार होती. गुरू-शिष्य समोरासमोर उभे राहून वाजवतात तेव्हा मॅफिसच्या चेहऱ्यावरचं कौतुक लपत नाही.

पहिल्या आठवड्यात नजर लॅरीवरून हलत नाही, हे खरं. त्याच्यावर लिहिणारेही बहुतेक त्याच्या गिटारवरच थांबतात. मला मात्र महिने गेले तशी लॉरी जास्त ऐकू येऊ लागली. ती जागची फारशी हलत नाही, हातातली गिटार ठेक्यात वाजवत राहते आणि भाऊ कितीही उधळला तरी गाण्याची लय ढळू देत नाही. तिचा आवाज खालच्या पट्टीत भरीव आहे. वयाच्या मानाने फारच पोक्त. लॅरीचा आवाज फुटलेला नव्हता तोवर तो तिच्या वरच्या सुरात गायचा, आणि दोघांचे आवाज असे काही मिसळतात की कुठला कुणाचा ते क्षणभर कळत नाही. एकाच घरात, एकाच बोलीत वाढलेल्यांना शब्द एकाच वेळी उचलता आणि सोडता येतात. एव्हर्ली बंधूंना, म्हणजे त्याच काळातल्या अमेरिकी गायक भावांच्या जोडीला, ऐकताना जे जाणवतं तेच इथेही. आणि या दोघांचा कोलंबियाशी करार झाला 1955 मध्ये, एव्हर्लींचं नाव गाजायच्या आधी.

सीडींवरची सगळीच गाणी सारख्या तोलाची नाहीत. सुरुवातीच्या काही गाण्यांत कंपनीने त्यांना ‘गोड मुलं’ म्हणूनच वापरलंय. ती एकदा ऐकून पुढे गेलात तरी चालेल. खरा ऐवज 1957-58 चा. ‘हॉप, स्किप अँड जंप’ आणि ‘हॉय हॉय’ यांत गिटार, ठेका आणि दोन आवाज असे काही जुळलेत की अडीच मिनिटांच्या आत सगळं आटोपतं आणि पुन्हा लावावंसं वाटतं. ‘व्हिसल बेट’मध्ये लॅरी अक्षरशः किंचाळत गातो. तेरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यातून एवढी धग कशी निघाली, याचं मला अजून नवल वाटतं. हे गाणं हेडफोनवर ऐकू नका. खोलीत स्पीकरवर, आवाज चांगला चढवून ऐका. मोनो (एकाच वाहिनीच्या) ध्वनिमुद्रणाला मोकळी हवा मानवते.

एवढं असून यातलं एकही गाणं राष्ट्रीय पातळीवर चाललं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कंट्रीवाल्यांना ही मुलं फार दंगेखोर वाटली असावीत, आणि रॉक अँड रोलच्या पोरांना त्यांचे झालरीचे काउबॉय कपडे जुनाट. शिवाय टीव्हीवर दर आठवड्याला फुकट दिसणाऱ्यांची रेकॉर्ड कोण विकत घेणार? हा माझा तर्क आहे. 1959 मध्ये लॉरीने जॉनी कॅशचे व्यवस्थापक स्टू कार्नल यांच्याशी लग्न केलं, पुढे संसार आला आणि 1960 च्या दशकात ही जोडी हळूहळू मागे पडली.

लॅरी मात्र गाणी लिहीत राहिला. अ‍ॅलेक्स हार्वीबरोबर त्याने लिहिलेलं ‘डेल्टा डॉन’ 1972 मध्ये टान्या टकरने गाजवलं आणि पुढच्या वर्षी हेलन रेडीने ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. टकर तेव्हा तेरा वर्षांची होती, ‘व्हिसल बेट’ गाणाऱ्या लॅरीएवढीच. 1993 मध्ये इंग्लंडमधल्या हेम्सबीच्या रॉक अँड रोल महोत्सवात भावंडं पुन्हा एकत्र उभी राहिली. तिथल्या रॉकाबिलीप्रेमींनी त्यांना विसरू दिलं नव्हतं. लॉरी 2018 मध्ये गेली, लॅरी 2024 च्या जानेवारीत.

गिटार शिकणाऱ्यांनी डीव्हीडी घ्यावीच. ज्यांना गायन महत्त्वाचं, त्यांनी सीडींपासून सुरुवात केली तरी हरकत नाही. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी डीव्हीडी म्हणेन. ‘हॉय हॉय’ नुसतं ऐकलं तर उत्तम गाणं आहे. बघितलं तर लक्षात येतं की लॅरी सोलोत शिरताना लॉरी एक पाऊल मागे सरकून त्याला जागा करून देते, आणि ठेका कुठेही सुटत नाही.