लक्षद्वीपची ‘समुद्रम’ सहल : साठीपुढच्या जोडप्याने पहिल्यांदा बोटीने जाताना

‘समुद्रम’चं बुकिंग करण्याआधी दोघांनी घरीच एक चाचणी घ्यावी. कशालाही न धरता एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का? आणि कोणी मनगट धरलं तर दीड फुटाची पायरी न कचरता उतरता, चढता येते का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ही सहल साठी-सत्तरीतल्या जोडप्यासाठी फार सुंदर आहे. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर केबिन कितीही चांगली मिळो, बेटांचं सुख पदरात पडणार नाही. असं का, ते पुढे येतंच.

‘समुद्रम’ ही लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची पाच दिवसांची सहल आहे. बोट ‘एम. व्ही. कवरत्ती’. ती सुटते कोचीच्या विलिंग्डन बेटावरून. पहिल्या दिवशी प्रस्थान, मधले तीन दिवस कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय, पाचव्या दिवशी परत कोची. बेटांचा क्रम दर फेरीला तोच असेल असं नाही. दिवस बेटावर, रात्र बोटीवर. हॉटेल बदलणं नाही, रोज सामान बांधणं नाही. वयस्क माणसांना या सहलीतली ही सगळ्यात मोठी सोय आहे.

पण ‘क्रूझ’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात तसे जलतरण तलाव, रोषणाई आणि रात्रीचे कार्यक्रम इथे शोधू नयेत. ‘कवरत्ती’ सुमारे सातशे प्रवाशांची बोट आहे आणि मुळात ती बेटांवरच्या लोकांची एसटी आहे. तिच्यातून दवाखान्याची कामं उरकून परतणारी कुटुंबं येतात, कॉलेजातली मुलं येतात. पर्यटक त्यांच्यातलेच काही. हे मनाशी धरून गेलात तर बोट स्वच्छ, नेटकी आणि माणसांनी भरलेली वाटते. तरंगतं पंचतारांकित हॉटेल समजून गेलात तर पहिल्याच संध्याकाळी हिरमोड होईल.

आता त्या पायरीबद्दल. बेटांभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि आतलं पाणी उथळ. मोठी बोट बाहेर खोल पाण्यात थांबते, बेटावरून होड्या येतात आणि बोटीच्या कुशीतल्या दारातून प्रवासी होडीत उतरतात. कोकणच्या बोटींच्या दिवसांत बंदराबाहेर पडाव यायचे, तोच प्रकार. ज्यांच्या आईवडिलांनी पडावातून उतरल्याच्या गोष्टी सांगितल्या असतील, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. समुद्र शांत असला तरी होडी दाराच्या तुलनेत फूट-दोन फूट वरखाली होत राहते. लाटा असल्या की त्याहून जास्त.

उतरायची पद्धत ठरलेली आहे आणि ती पाळली तर भीती उरत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत. पर्स, कॅमेरा, काठी, सगळं पाठीवरच्या पिशवीत किंवा खलाशाकडे. खलाशाला बोटं धरायला देऊ नयेत, मनगटापासून वरचा हात द्यावा आणि आपणही त्याचं मनगट पकडावं. होडी लाटेबरोबर वर येऊन क्षणभर थांबते, पाऊल तेव्हाच टाकायचं. ती खाली जायला लागल्यावर टाकलेलं पाऊल हवेत जातं आणि गुडघा मुरगळतो. क्षण खलाशी ओळखतो, म्हणून त्याने सांगेपर्यंत हलू नये आणि सांगितल्यावर रेंगाळू नये. उडी मारायची नाही. होडीत पाय टेकला की तिथेच न थांबता आत सरकून बसायचं, कारण मागचा माणूस पुढच्या लाटेला येणार असतो. नवरा-बायकोने एकमेकांचा हात धरून उतरणं सगळ्यात धोक्याचं. एकाचा तोल गेला की दुसऱ्याचाही जातो. आधी ज्याला भीती कमी त्याने उतरावं. साडी नेसायचीच असेल तर बेटावर पोचल्यावर, होडीत सलवार-कुर्ता किंवा पँटच बरी. पायांत मागे पट्टा असलेल्या रबरी तळव्याच्या सँडल. स्लिपर मुळीच नको.

गुडघेबदल झाला असेल आणि पाय नव्वद अंशांपर्यंत वाकत असेल तर हे जमतं. चक्कर येण्याचा त्रास, नुकताच बसवलेला स्टेंट किंवा ठिसूळ हाडांमुळे पूर्वी झालेलं फ्रॅक्चर असेल तर डॉक्टरांना नुसतं ‘बोटीने जाऊ का’ असं विचारू नका. ही पायरी त्यांना वर्णन करून सांगा. चाकाच्या खुर्चीवर असलेल्यांना ही सहल झेपणारी नाही, हे स्पष्ट म्हटलेलं बरं.

केबिनमध्ये काटकसर करू नये. डायमंड वर्गात दोन बर्थ आणि स्वतःचं न्हाणीघर मिळतं. गोल्ड वर्गात चार बर्थ असतात, म्हणजे दोन अनोळखी माणसं सोबत आणि कोणाला तरी वर चढावं लागणार. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्यांनी डायमंडच घ्यावं. निवड करता आली तर बोटीच्या मध्याजवळची, खालच्या डेकवरची केबिन मागावी. टोकाच्या आणि वरच्या केबिनींना झोका जास्त बसतो. बोटीवरच्या दारांना उंच उंबरठे असतात. अंधारात त्यांना अडखळून पडणं हा बोटीवरचा नेहमीचा अपघात. छोटा टॉर्च उशाशी ठेवा, न्हाणीघरात एक हात कायम कठड्यावर, आणि जिने उतरताना तोंड जिन्याकडे.

बोट लागण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत समुद्र बहुधा शांत असतो आणि बऱ्याच जणांना काहीच होत नाही. कल्पेनी आणि मिनिकॉयच्या मधला टप्पा मात्र उघड्या समुद्राचा. तिथे नाइन डिग्री चॅनलची सुमारे दोनशे किलोमीटरची पट्टी आहे. त्या रात्री हलकं जेवावं, तळकट टाळावं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी बोट हलण्याच्या तास-दोन तास आधी घेतली तरच उपयोग. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्यांना त्या त्रासदायक ठरू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. निघण्याच्या आठवडाभर आधी एक गोळी घरी घेऊन किती गुंगी येते ते पाहावं. सकाळी गुंगीत होडीत उतरणं म्हणजे त्या पायरीवर दुप्पट धोका. मळमळायला लागलं की केबिनमध्ये पडून राहू नका. डेकवर या, क्षितिजावर नजर ठेवा, आल्याची वडी चघळा. डोळे मोबाइलवर ठेवले की मळमळ वाढते.

मधुमेह असेल तर एक गोष्ट निघण्याआधीच डॉक्टरांशी ठरवून घ्या: उलट्या झाल्या आणि जेवण पोटात राहिलं नाही, तर त्या वेळची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन किती कमी करायचं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी उन्हाच्या दिवशी ओआरएसची पाकिटं जवळ ठेवावीत. औषधं पाच दिवसांची न नेता दहा दिवसांची न्या आणि ती दोघांच्या पिशव्यांत वाटून ठेवा. कवरत्तीला इंदिरा गांधी रुग्णालय आहे, मिनिकॉयलाही सरकारी रुग्णालय आहे आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवता येतं. तरी मोठं हृदयरोग केंद्र समुद्रापलीकडे आहे, हे डोक्यात असू द्या.

जेवण केरळी वळणाचं. उकडा तांदूळ, सांबार, भाजी, मासे, कोंबडी. मासेखाऊंची चंगळ आहे, ट्यूना ताजा मिळतो. शाकाहारींचं पोट भरतं, पण तेच ते वाटू लागतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आपली सोय बरोबर न्यावी. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा एवढ्यावर पाच दिवस निघतात. बेटावर उतरल्यावर शहाळं मिळालं तर नाही म्हणू नका. उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली जवळ असू द्या, कारण या बेटांवर गोडं पाणी ही मोठ्या कष्टाची वस्तू आहे. कवरत्तीला २००५मध्ये खोल समुद्रातल्या थंड पाण्याच्या मदतीने गोडं पाणी तयार करणारा प्रकल्प सुरू झाला, रोज एक लाख लिटर क्षमतेचा. आंघोळीला बादल्या ओतताना ते आठवावं.

तीन बेटांत मिनिकॉय सगळ्यात उजवं. बाकीच्या बेटांवर मलयाळमची बोली चालते, इथे महल, म्हणजे मालदीवच्या धिवेहीची सख्खी बहीण, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. बेट कोयरीच्या आकाराचं, लांबलचक, आतल्या बाजूला हिरवंनिळं संथ खाजण, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआतलं उथळ पाणी. गावं आखीव, प्रत्येक गावाचं सभाघर, प्रत्येक गावाची शर्यतीची रंगीत होडी. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी आहेत, त्यामुळे एखादे म्हातारबाबा मुंबई बंदराची चौकशी करतात तेव्हा नवल वाटू नये. १८८५चं दीपगृह पाहण्यासारखं आहे. पण गोल जिना लांब आणि शेवटचा भाग शिडीसारखा उभा. दोघांपैकी ज्याचे गुडघे चांगले त्याने वर जावं, दुसऱ्याने खाली माडांच्या सावलीत बसावं, तेही सुख कमी नाही. तुंडी किनाऱ्याची वाळू पांढरी आणि पाणी कमरेइतकं लांबवर. पोहता न येणाऱ्यांनी समुद्रात उतरायचं तर इथेच.

कल्पेनीला पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा मोठा बांध दिसतो. १८४७च्या वादळाने तो समुद्रातून उचलून टाकला. बेट किती सखल आहे आणि समुद्र काय करू शकतो, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. बाकी दिवस खाजणात जातो. कवरत्ती राजधानी, म्हणून थोडी गजबजलेली. उज्रा मशिदीच्या छतावरचं लाकडी कोरीवकाम आणि सागरी मत्स्यालय ही दोन ठिकाणं चुकवू नका.

काचेच्या तळाच्या होडीसाठी सूर्य डोक्यावर असतानाची वेळ मागून घ्या. तिरप्या उन्हात काचेवर नुसती चमक दिसते आणि लोक ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत परततात. पाण्यात अनवाणी उतरू नये. प्रवाळाने कापलेली जखम चिघळते, मधुमेहींना ती महिनाभर पुरते. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही खिशात घालू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे आणि सामान तपासलं जातं. दारू या बेटांवर चालत नाही. बायकांनी पाण्यात टी-शर्ट आणि लेगिंग घालावं, गावातून फिरताना खांदे झाकलेले असावेत. कोणाच्या घराचा किंवा बाईमाणसाचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये.

जायचं कधी? मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा पावसाळा वर्ज्य. ऑक्टोबर ते डिसेंबर सुरू असतं, पण चक्रीवादळांचा तो काळ. डिसेंबर २०१७च्या सुरुवातीला ओखी याच बेटांवरून गेलं होतं. एप्रिलमध्ये ऊन माथ्यावर येतं आणि दमटपणा सोसत नाही. म्हणून जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा पहिला पंधरवडा एवढीच वेळ वयस्कांनी धरावी. तेवढ्याच फेऱ्यांवर सगळ्यांच्या उड्या पडतात, तेव्हा बुकिंग तीन-चार महिने आधी.

कागदपत्रांत गोंधळ होतो तो परवान्यावरून. भारतीय नागरिकालाही बेटांवर प्रवेश परवाना लागतो, १९६७च्या नियमांपासून ही पद्धत आहे. सहलीबरोबर परवान्याची व्यवस्था ‘स्पोर्ट्स’ करून देते. तरी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आधीच काढून ठेवा. आपल्याकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, पण पोलीस ठाण्यातून पडताळणी व्हायला वेळ जातो, महिनाभर हाताशी ठेवावा. अर्जातलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक हवं. लग्नानंतरचं नाव एकीकडे आणि माहेरचं दुसरीकडे, यामुळे आज्यांचे अर्ज अडकतात. मूळ ओळखपत्र, दोन झेरॉक्स आणि चार फोटो वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. रोख रक्कमही पुरेशी न्या.

मुंबईहून कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’सारख्या मोठ्या क्रूझच्या काही फेऱ्याही लक्षद्वीपला जातात. ज्यांना लिफ्ट, मोठ्या भोजनशाळा, करमणूक हवी आहे आणि कोचीपर्यंतचा प्रवास नको, त्यांनी ती पाहावी. पण मोठी बोटही बाहेरच थांबते, होडीची पायरी तिथेही सुटत नाही. आणि वेळेचा मोठा भाग बोटीवर जातो. तीन बेटं, त्यांत मिनिकॉय, पाहायची असतील तर ‘समुद्रम’च.

हवामान बिघडलं तर बेट वगळलं जातं किंवा बोट उशिरा पोचते. त्यावर वाद घालून उपयोग नाही, कप्तानाने ‘आज उतरवणार नाही’ म्हटलं तर ते तुमच्याच गुडघ्यांसाठी असतं. म्हणून परतीचं तिकीट बोट येण्याच्या दिवसाचं काढू नका. मध्ये कोचीत दोन रात्री ठेवा. बोटीवरून उतरल्यावर दिवसभर जमीन डोलल्यासारखी वाटते आणि पहिल्या रात्री न्हाणीघरात तोल जाऊ शकतो, तीही विश्रांती हवीच. जाताना-येताना नेत्रावती किंवा मंगला एक्स्प्रेसने एर्नाकुलम जंक्शन सोयीचं. विलिंग्डन बेट तिथून जवळ आहे, तर नेदुंबासेरी विमानतळ साधारण चाळीस किलोमीटर लांब. रेल्वेचं तिकीट काढताना ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यातून काढा. पुरुषांना साठ आणि स्त्रियांना पंचेचाळीस वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि एका तिकिटावर एक किंवा दोघंच असले तरच तो कोटा लागतो. चार मित्रांचं एकत्र तिकीट काढलं की तो हातचा जातो, तेव्हा जोडप्याजोडप्याने वेगळी तिकिटं काढा.